स्वल्पविराम

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे मजेत आहोत. तूही मजेत असशील असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा धरून चालण्याखेरीज माझ्या हातात काय आहे?

तुझा वर्गमित्र, आपला चष्मेवाला, काल त्याची राहिलेली पुस्तकं न्यायला आला होता. तो उद्या सकाळी वसतिगृहावर परततोय, म्हणून हे त्याच्याच हाती देतेय. त्याच्याकडून कळलं की एका मोठ्या फर्मने तुला बोलावलंय, आणि तिथे जावं की खालच्या कोर्टात कोणाकडे उमेदवारी करावी हे तुझं ठरत नाहीये. म्हणाला, "आत्या, ती हल्ली वाद घालत नाही हो. आम्ही काहीही बोललो तरी ‘असेल’ म्हणते आणि उठून जाते." मला धसकाच बसला. तू आणि वाद नाही? मांजराने दूध सोडलं म्हणण्यासारखं आहे हे.

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी पास झाली. माझ्या शाळेत सहामाही पेपरांचा ढीग पडलाय. दादाचा घसा बसलाय.

तुम्ही सगळे आपल्या गच्चीवर जमायचात, ते दिवस फार आठवतात गं. अटक झालेल्या माणसाचे हक्क काय, न्याय आणि कायदा एकच का, यावरून तुमची जुंपायची. आणि तुझा बाप, म्हणजे आमचा दादा, कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन, तुमचं भांडण लघुलिपीत उतरवून घ्यायचा. जन्मभर कोर्टात स्टेनो म्हणून दुसऱ्यांचं बोलणं टिपलं, घरी तरी हात स्वस्थ कसा बसेल? शेवटी तो तुम्हाला सगळं वाचून दाखवायचा, तेही विरामचिन्हांसकट. "मुळात स्वल्पविराम माय लॉर्ड स्वल्पविराम मुळात... वकीलसाहेब, ‘मुळात’ काढून टाकलं तर तुमच्या युक्तिवादात उरतं काय?" तू चिडायचीस, बाकीचे हसून लोळायचे. मला चहा मागतानाही तो तसाच. "चहा टाक स्वल्पविराम साखर बेताची पूर्णविराम."

त्यातली एक संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क असावा का, यावर तुमचं चाललं होतं. तुमच्यातली ती उंचाडी म्हणाली, "काही केलं नसेल तर बोलायला काय जातं?" तू उभी राहिलीस. म्हणालीस, गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. माणूस शंभर कारणांनी गप्प राहतो, आणि त्या मौनाचा अर्थ लावायची मुभा कोर्टालासुद्धा नाही. तेव्हा दादाची पेन्सिल थांबली होती. त्याची पेन्सिल थांबलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मग आठवडाभरातच तुला कॉलेजात कोणीतरी ती जुनी गोष्ट सांगितली. एक निकाल कोर्टात वाचला जाण्याआधीच बाहेर फुटला होता, संशय दादावर आला, चौकशीत तो काहीच बोलला नाही, आणि सिद्ध काही झालं नाही तरी त्याला न्यायाधीशांच्या दालनातून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तू जेवता जेवता विचारलंस, "बाबा, तुम्ही केलंत की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा." तो उठला, त्याने आपलं ताट विसळलं. तू म्हणालीस, "गप्प बसलात. म्हणजे मला उत्तर मिळालं."

आणि मी? मी भातात वरण कालवत बसले होते. तुला तुझंच वाक्य परत वाचून दाखवायला हवं होतं, तेवढंच काम होतं माझं. तुझी आई असती तर तिने ते केलं असतं. तू बॅग भरत होतीस तेव्हाही मी दाराशी येऊन "स्वेटर घेतलास का" एवढंच विचारलं. त्याची हळहळ जात नाही.

परवा मी दादाला विचारलं. म्हटलं, पोर गेली, आता तरी मला सांग. तो हसला. "शपथेवर सांगू?" म्हणाला. मग हातातला चमचा खाली ठेवला. "त्या दालनात निकाल टाईप करणारे आम्ही दोघंच होतो. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर दुसऱ्याचं नाव वेगळं घ्यायची गरजच उरली नसती. आणि त्याने केलं हे मी पाहिलं नव्हतं. जे ऐकलं नाही ते मी कधी टाईप केलं नाही, मग न पाहिलेलं कसं बोलू?"

मी म्हटलं, "हे तिला का नाही सांगितलंस?"

"तिने प्रश्न विचारला नव्हता गं. निकाल सांगितला होता."

खारूताई, हे त्याने सरळ बोलून सांगितलं असं वाटेल तुला. एकेका शब्दाला थांबत, पाणी पीत सांगितलं. घसा बसलाय असं वर लिहिलं ना, तो उन्हाळ्यापासून बसलाय. आधी आम्ही सर्दी समजून काढे केले. मग तपासण्या झाल्या. मजेत आहोत हे वाक्य मी सवयीने लिहिलं, ते खोडून टाक. येत्या गुरुवारी त्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागणार. जिवाला तसा धोका नाही म्हणतात, पण आवाज राहणार नाही. "आता कोणीही कितीही उलटतपासणी घ्या," असं डॉक्टरांना म्हणाला. ते बिचारे कसनुसं हसले.

तुला कळवू नकोस अशी त्याची ताकीद होती. "दयेचा अर्ज करायचा नाही," म्हणाला. म्हणून मीही तुला ये म्हणत नाही. फर्म की कोर्ट हेही तूच ठरव. फक्त गुरुवारनंतर तो गप्प असेल, तेव्हा त्याचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही, हे तुला ठाऊक असावं.

आज लिहायला बसले ते त्याने पाहिलं. मला वाटलं रागावेल. पण तो जवळ येऊन उभा राहिला. म्हटलं, "काही लिहू का तुझ्याकडून?" मग त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब."

मी लिहिलं. वाट पाहिली. "पुढे?"

"स्वल्पविराम."

आणि आत जाऊन पडला. पुढचं काही सांगितलं नाही त्याने. मीही माझ्या पदरचं घालत नाही, तो म्हणाला तेवढंच खाली उतरवते.

तुझी आत्या

वकीलसाहेब,