तिचे हात, माझे निवेदन

प्रिय गुंडी,

माझ्या हस्ताक्षरातला लिफाफा पाहून घरात काही बरेवाईट झाले की काय, अशी शंका तुला आली असेल. ती निरस्त समजावी. तुझी आई जाऊन पाच महिने झाले. त्यानंतर येथे उल्लेखनीय असे काहीही घडलेले नाही. मी वेळेवर उठतो, कार्यालयात जातो, ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने’ या मंगलाचरणाने दिवसाला चाळीस पत्रे सिद्ध करतो आणि घरी येऊन स्वयंपाक करतो. त्यात मीठ कधी पडते, कधी पडत नाही. फरक कळत नाही.

आईच्या शिलाई मशीनवर झाकण घातले आहे. त्याच्यासमोर तीन पायांवर तो व्हिडिओ कॅमेरा अजून उभा आहे. साबणाच्या वडीएवढे यंत्र, दुकानातले सर्वांत स्वस्त. ‘काका, याच्यापेक्षा स्वस्त म्हणजे नुसते डोळेच,’ असे विक्रेता म्हणाला होता. मी त्यास ‘दिव्यचक्षू’ ही पदवी बहाल केली. आई त्याला ‘डबडं’ म्हणे. शिवणकामाचे धडे इंटरनेटवर टाकावेत ही कल्पना तुझी, हात तिचे, आणि दिग्दर्शन, संकलन वगैरे सर्व खाती एकट्या माझ्याकडे.

पहिला धडा कॉलरचा. ती छान बोलली होती: कॉलर ताठ ठेवणारे बकरम किती आत घ्यायचे, कोपरा उलटताना कात्रीचे टोक का खुपसायचे नाही. परंतु दिव्यचक्षूचे कान त्याच्या किमतीस साजेसेच होते. मशीनची खडखड तिच्या बोलण्यावर चढून बसली. तिने ते ऐकले आणि म्हणाली, ‘शी! पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी वाटतेय मी. अहो महामहोपाध्याय, तुम्हीच बोला वरून.’ ही नेमणूक मी तत्काळ स्वीकारली.

तिचा आवाज काढून माझा चढवण्याची विद्या मी एका दुपारी हस्तगत केली. ‘आता ही लोहमुखी सूचिका वस्त्राच्या अंतःपुरात प्रवेश करीत आहे’ असली वाक्ये ऐकून लोक हसले. ‘शिवता येत नाही, पण काकांसाठी बघतो,’ असे लिहू लागले. मला ते फार आवडले, हे कबूल करतो. कॅमेऱ्यातले कार्ड लहान, दोन धड्यांत भरायचे. म्हणून माझे निवेदन चढले की मूळ चित्रण मी पुसून टाकत असे. पक्का मसुदा टंकून झाला की कार्यालयात कच्चा कागद फाडतात, तसे. तिचे बोलणे हा कच्चा कागद होता.

एकदा चेन लावायच्या धड्यात ती कापडाची सुलट बाजू वर धरून होती आणि मी ‘उलट’ असे ठणकावून सांगत होतो. एका बाईंनी लिहिले, तुमच्यामुळे माझी चेन आतल्या बाजूने लागली. आई भडकली. ‘हात माझे, तोंड तुमचं, आणि बोलणी मी खायची! पुढच्या वेळी माझं बोलणं राहू द्या, कसं का येईना.’ मी म्हटले, ‘तथास्तु, पुढच्या वेळी.’ पुढची वेळ त्यानंतर एकोणीस वेळा आली.

दोन महिन्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, आईचा आवाज असलेला एखादा व्हिडिओ पाठवा ना. जुन्या फोनबरोबर तिचे सगळे निरोप गेले माझे.’ तेव्हापासून दर रविवारी मी ‘शोधकार्य प्रगतिपथावर आहे’ असे सांगतो आणि तू हसतेस. शोधकार्य पहिल्याच दिवशी संपले होते. एकेचाळीस धडे आहेत. सगळ्यांत तिचे हात आहेत; अंगठ्याजवळचा इस्त्रीचा चट्टासुद्धा दिसतो. आणि सगळ्यांत मी बोलतो आहे. तिचे एक अक्षर नाही. साधे ‘हं’ नाही. पुसलेले परत मिळते का, म्हणून कार्ड दुरुस्तीवाल्याकडे नेले. तो म्हणाला, ‘काका, यावर इतक्या वेळा नवीन भरलंय की खाली काही उरलंच नाही.’ मी त्याचे आभार मानले आणि कार्ड खिशात घालून कार्यालयात गेलो.

गेल्या रविवारी तू सहज म्हणालीस, की आईला आठवायला गेले तर तिच्या हातांवर तुमचाच आवाज ऐकू येतो. त्यावर मी काहीतरी विनोद केला. कोणता, ते आठवत नाही. फोनवर सांगू गेलो तर पुन्हा तेच करीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. निदान ही बातमी तरी तुला माझ्या आवाजात ऐकू येऊ नये. व्हिडिओची वाट पाहू नकोस. तिचा आवाज नाही. तो मी पुसला. रविवारी फोन कर, किंवा करू नकोस. केलास तर तुला जे म्हणायचे ते म्हण. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा