तिसऱ्या गोलकीपरचा चहा

चि. तेत्सुजो,

नाही, मी कुणाला मारलेलं नाही. तू विचारलं नाहीस, पण विचारशील, म्हणून आधीच सांगते. अनेक आशीर्वाद. (देवळात लोक तुला गुरुजी म्हणून वाकतात, मला तू धाकटाच.) गुडघा कसा आहे? माझा तसाच.

तर फुटबॉल क्लबनं पेठेतल्या दर दुकानाला एकेक खेळाडू वाटला. खरा नव्हे, पुठ्ठ्याचा, माणसाएवढा. समोरच्या पाववाल्या ओगिसोला मिळाला साएगुसा, गोल मारणारा, देखणा. पोरी रांग लावून फोटो काढतात. माझ्या तोफूच्या दुकानाला आला तिसरा गोलकीपर, कुरुमादा. जन्म बाकावर गेला त्याचा. (क्लब दर खेळाडूच्या नावाचा टॉवेल विकतो, त्याचा फक्त त्याची आई घेते.) जागा नव्हती, म्हणून उभा केला तुझ्या दाजींच्या फोटोशेजारी. ते गेल्यापासून त्यांच्यापुढे मी रोज चहा-भात ठेवते, तो आला नेमका याच्या पायाशी. न्हाव्याच्या बायकोनं पाहिलं, हात जोडले, डोळे पुसले. म्हणे, "किती तरुण होता हो." दुपारपर्यंत दारात फुलांचा ढीग. मी ओरडून दमले, अगं तो जिवंत आहे. तर आपसात म्हणतात, "आजींना सोसत नाहीये, बोलू नका त्यांच्याशी."

पुढे पहिले दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले आणि हा मैदानात उतरला. स्टेडियम उठून उभं राहिलं. मग सगळ्यांनी हात जोडले. (डोळ्यांनी बघून पटेल तर ती आपली पेठ कसली.) मेलेल्या माणसावर जोरात बॉल कोण मारणार? एक गोल झाला नाही. टॉवेल संपले.

पण नंतर कुरुमादा दुकानात आला तर गालफडं बसलेली. म्हणाला, "आजी, सुपरमार्केटचं ते आपोआप उघडणारं दार आहे ना, ते मला उघडत नाही. कुणाच्या तरी मागून घुसावं लागतं." आणि पुठ्ठ्यातल्याचे गाल भरलेले. सकाळचा चहा दुपारी तळाला. मी म्हटलं, बंद करते हे. तर हात धरला माझा (बर्फ नुसता). "नको आजी. पहिल्यांदाच लोक माझं नाव घेताहेत."

मग ओगिसो कशाला मागे राहतोय? त्यानं साएगुसापुढे चहा ठेवला, वर क्रीमचा पाव. झालं, सगळी पेठ रडायला तिकडे. आमच्याकडची फुलं वाळली. कुरुमादा दारातून बघत राहिला. म्हणाला, "मेल्यावरसुद्धा तोच पुढे. आजी, आवर हा चहा. मला परत बाकावर बसू दे."

थंडीचं जप.

तुझी अक्का,
शिगेनो

ता. क. आवरला. पुठ्ठ्याचं तोंड भिंतीकडे केलंय, दाजींचा कप लांब नेलाय. तरी तो रिकामा होतो. दाजी चहाबाज होते, पण इतके नव्हते.

ता. क. खरं काम राहिलंच. माणसाला पोचवायचे मंत्र तुला येतात. परत आणायचे येत असतील तर रविवारच्या सामन्याआधी ये.

ता. क. आज त्याला घेऊन सुपरमार्केटला गेले. दार उघडलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. कुणासाठी उघडलं ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.