शनिवारचा पहिला घास

६ जानेवारी, मंगळवार

मटण बंद.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर नवऱ्याचं हृदय काढलं आणि एका नळीवर पेनाने आडवी रेघ मारली. इथे अरुंद झालंय. तीन महिने फक्त झाडाला लागतं आणि जमिनीतून उगवतं तेवढंच खायचं, गोळ्या घ्यायच्या. मग पुन्हा तपासणी. आकडे उतरले तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

"मासे?" त्याने विचारलं.

"नाही."

"अंडं?"

"नाही."

"माझं दुकान मटणाचं आहे. वास घेतला तर चालेल ना?"

बाई हसल्या नाहीत. मी हसले. मग त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हसत नव्हता.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. दुकान खाली, घर वर, त्यामुळे बातमी जिना चढेपर्यंतच ताजी राहते. त्या मुलाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस शेळी कापलीस, आता शेळीसारखं खा."

८ जानेवारी, गुरुवार

घेवड्याचं सूप, उकडलेला भोपळा, पाव.

भोपळा त्यानेच चिरला. चिरला कसला, आधी बोटांनी चाचपून सांधा शोधत बसला.

"भोपळ्याला सांधा नसतो," मी म्हणाले.

"म्हणूनच चव नसते."

संध्याकाळी दुकानात उरलेलं वर येतं, ही या घरची पद्धत. आज बरगडीचे तुकडे आले. सासूबाईंना दात नाहीत. टाकून देणं जिवावर येतं. मीच खाल्ले, त्याच्यासमोर बसून. तो बघत होता.

"कसं झालंय?"

"वाईट."

"मग दुसरा का घेतलास?"

१० जानेवारी, शनिवार

शनिवारच्या घासाचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही, माझ्याही नाही.

सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. शनिवारी सकाळी ताजा खिमा मळायचा, गल्ल्याशेजारच्या तव्यावर दोन टिक्क्या भाजायच्या. एक मालकाने गिऱ्हाइकांसमोर उभ्याने खायची, दुसरी वर सासूबाईंना. मालकाने घास गिळला की मगच तराजूला हात. आम्ही खातो तेच विकतो — हे तोंडाने सांगायचं नाही, तोंडाने दाखवायचं. सासऱ्यांनी अंगात ताप असतानाही घास चुकवला नव्हता. हे सासूबाईंनी आज मला दोनदा सांगितलं. त्याला एकदाही नाही.

तो खाली गेला. टिक्की हातात घेतली. रांगेत पहिले नेहमीप्रमाणे घड्याळवाले काका, चष्मा कपाळावर. समोरच्या बाजूला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घास बघायला ते असे उभे राहतात जणू लोलक सुरू होण्याची वाट बघताहेत.

त्याचा हात तोंडाजवळ थांबला. मी टिक्की काढून घेतली आणि खाल्ली.

"आज मालकीणबाई?" काका म्हणाले.

"याचं तोंड आलंय."

सगळ्यांनी उपाय सांगितले. प्रत्येकाचा वेगळा.

१९ जानेवारी, सोमवार

जिन्याच्या वळणावर खिडकी आहे. मागच्या भिंतीवर एक भुरं मांजर ऊन खात पडलेलं असतं. लठ्ठ, तृप्त, कुणाचीही पर्वा नाही. ते बघत थांबले.

वरून हा — "काय गं, वाट चुकलीस?"

"मांजर बघतेय."

"मांजर बघतेय म्हणे. माझा पाला शिजायचाय."

पाल्याबद्दल तक्रार करतो, पण हल्ली आधी ताटावर येऊन बसतो. मसूर आवडायला लागलीय. मान्य करणार नाही. "भूक लागली म्हणून खाल्लं," म्हणतो आणि पातेलं पुसून घेतो.

२४ जानेवारी, शनिवार

घास मीच खाल्ला.

"तोंड अजून बरं नाही?" काकांनी विचारलं. मागून शिंपीणबाईंचा आवाज आला, हळू, पण ऐकू येईल इतपत — "स्वतः खात नाही तर आपण का खायचं?" त्या काही न घेता गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी.

दुपारी तो सुरी धुताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी मी खातो. एका घासाने कोण मरतंय."

"तू," मी म्हणाले.

विनोद म्हणून म्हणाले होते. त्याने धुतलेली सुरी पुन्हा धुतली. कागदावरची ती आडवी रेघ मला दिसत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

मशरूम बारीक चिरले, त्यात उकडलेला घेवडा, कांदा, मिरं, थोडं बीट रंगाला. त्याच्याच हाताने मळून घेतलं. हाताला जमतंच — मळताना डोळे मिटले की सवयीने खिम्याचंच बनतं. तव्यावर टाकून पाहिलं. वासाने नाही, पण दिसण्याने कुणीही फसेल.

"ही फसवणूक आहे," तो म्हणाला.

"हे नाटक आहे."

"फरक काय?"

"नाटकात सगळे जिवंत राहतात."

३१ जानेवारी, शनिवार

नाटक चाललं. फारच चाललं. त्याने इतकं चावलं, इतके डोळे मिटले की मला त्याच्या पायावर पाय द्यावा लागला. शिंपीणबाई परत आल्या. काकांनी चष्मा खाली घेतला, म्हणजे समाधान झालं.

संध्याकाळी तो म्हणाला, "बाबांसमोर असं केलं असतं तर?"

उरलेलं मटण आज जास्त होतं. संपवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मांजर आज बराच वेळ बघितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं उघडं पडलं. क्रमाने लिहिते.

तव्यावर दोन टिक्क्या. त्याची मशरूमची, सासूबाईंची खिम्याची. या माणसाला लहानपणापासूनची एक खोड आहे — जी टिक्की नीट गोल होईल ती आईला. आज मशरूमची गोल झाली. हाताने न विचारता तीच उचलली आणि वर पाठवली. उरलेली त्याने गिऱ्हाइकांसमोर तोंडात घातली.

पहिल्याच चाव्याला त्याला कळलं. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. गिळावं तर डॉक्टर, थुंकावं तर गिऱ्हाईक. गाल फुगवून माझ्याकडे बघत उभा. मी काही करू शकत नव्हते. मान हलवली — नको.

थुंकला. रुमालात, पण सगळ्यांसमोर. मटणवाला आपलंच मटण थुंकतो! रांग मागे सरकली.

मग तो तोंड पुसून म्हणाला, "माल चांगला आहे. मी चांगला नाही." आणि सांगितलं सगळं. नळी, रेघ, तीन महिने, मशरूम. पहिल्यांदाच त्याने हे कुणाला तरी सांगितलं. बोलताना मधल्या एका वाक्याला आवाज फुटला. खोकल्याचं निमित्त केलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आधी सांगायचं नाही का? माझंही बंद आहे."

"मग दर शनिवारी नेता ते?" त्याने विचारलं.

"मांजराला."

"भुरं?" मी विचारलं.

"तेच. आता त्याचंही कमी करायचंय, भिंतीवरून पडतं ते. मी येतो तुझा घास बघायला. एवढी एकच गोष्ट या गल्लीत वेळेवर होते."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. शिंपीणबाई म्हणाल्या, "पण आता पहिला घास कोण खाणार?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरलं. मालकीणबाईंचा घास चालेल.

वरून सासूबाईंची हाक — "आजची टिक्की झकास! मऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट जमलीय."

तिच्यात काय होतं ते त्यांना कुणीही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

११ मार्च, बुधवार

घड्याळवाले काका महिनाभर मुलीकडे राहायला गेले. मांजर टोपलीत घालून सोबत नेलं.

त्याच्या पँटी सैल झाल्यात. गिऱ्हाइकांना आता मसूर कशी शिजवावी ते शिकवतो. मटणाच्या दुकानात! परवा एकीला म्हणाला, "मटण पाव किलो पुरे, बाकी घेवडा घाला." मी म्हणाले, "अजून थोडे दिवस असंच चालव, आपण भाजीचा गाडा लावू."

"गाडा तूच ओढ," म्हणाला. "जिना चढून दम राहिला तर."

बोललाच तर असं काहीतरी बोलतो.

२८ मार्च, शनिवार

घास खाल्ला. टाळ्या मिळाल्या. वर जाताना वळणावर थांबले. ऊन छान पडलं होतं.

७ एप्रिल, मंगळवार

आकडे उतरले! डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिलं. ऑपरेशन नाही. असंच खात राहा, म्हणाल्या. माझे डोळे भरले ते लपवायला मी पर्स उचलली आणि उठले. तो उठला नाही.

"आता हिचं बघा," तो म्हणाला.

"माझं काय?"

"जिन्याच्या वळणावर थांबते. रोज. विचारलं तर म्हणते मांजर बघतेय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही, डॉक्टरांकडेच बघत होता. "मांजर महिन्याभरापासून इथे नाही."

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

९ एप्रिल, गुरुवार

माझे आकडे आले. त्याच्या जुन्या आकड्यांहून वाईट. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भोपळा चिरायला घेतला. शनिवारचा घास सासूबाई खाणार आहेत. "चावता येत नाही, पण गिळून दाखवीन," म्हणाल्या.

संध्याकाळी वर येताना वळणावर थांबले. तोही थांबला. दोघं खिडकीतून रिकामी भिंत बघत उभे राहिलो.