तीनदा खारवलेलं मटण

पनवेल, ३ फेब्रुवारी २०२५

चि. अयाला हिस हेप्झिबामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खारघरच्या कॉलेजात तुझं भाषण ऐकलं तेव्हापासून मी काही स्वस्थ बसलेली नाही. लोह अनावर झालं की पेशीतली चरबी खवट होते आणि पेशी मरते. हृदयात, मूत्रपिंडात, मेंदूत, असं तू म्हणालीस. तुझ्या इसाजीकाकांच्या कंपवाताचंही नाव घेतलंस. आपल्या धर्माच्या रीतीने आपण मटणाला मीठ लावून रक्त काढतोच, ते मी आता तीनदा लावते. म्हटलं, रक्ताबरोबर लोहही जाईल. काका निमूट जेवतात. फक्त त्यांचे पाय सुजलेत आणि जिन्यात धाप लागते. फोनवर बोलले तर ते ऐकतील, म्हणून पत्र. त्यांचा हात थरथरायचा कधी थांबेल, ते खरं खरं कळव.

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझी मावशी

पुणे, ७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र मिळताच फोन करून काकांना डॉक्टरांकडे न्यायला लावलं, ते का, ते आता सांगते. सूज आली ती मिठाने. ताटातलं लोह कमी करून मेंदूतलं जात नाही गं. पेशीचं स्वतःचं संरक्षण ढासळतं, तेव्हा आतलंच लोह तिच्यावर उलटतं. एका चाचणीत कंपवाताच्या रुग्णांना लोह काढणारं औषध दिलं, तर त्यांची लक्षणं उलट वाढली. हे भाषणात सांगायला हवं होतं. टाळ्यांच्या नादात राहून गेलं, चूक माझी. तू खरं विचारलंस, म्हणून लिहिते: गोळ्यांनी थरथर कमी होईल, पण आजार थांबवणारं आम्हा संशोधकांकडे आज काहीच नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझी अयाला

पनवेल, १९ फेब्रुवारी

चि. अयाला, अ. उ. आ.

अक्षराला हसू नकोस, एवढं लिहायला चार दिवस लागले. सूज उतरली, जिनाही चढतो. तुझी मावशी मात्र दोन दिवस रडत होती. मीच तुम्हाला मारत होते, म्हणाली. तिला वाटतं, मला काही ठाऊक नव्हतं. आजार बरा होणार नाही हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मीच ते घरी बोललो नाही.

ते मटण तोंडात धरवत नव्हतं. पण वाढून झालं की ती माझ्या हाताकडे बघत बसायची, आज थांबतोय का म्हणून. मग मी आणखी मागून घ्यायचो.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
तुझा इसाजीकाका