ताट संपेपर्यंतची प्रार्थना

प्रिय काकूस,

तुझ्या लाडक्या (आणि तुझ्याच मते तोंडाळ) पुतण्याचा प्रभूमध्ये सलाम. मी खुशाल आहे. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? उजव्याचं विचारत नाही, त्याची खबर तू आल्यागेल्याला देतच असशील.

निघताना पाळकसाहेबांनी हार घातला आणि परदेशातल्या गरजूंची सेवा करायला चाललोय असं मी छाती फुगवून सांगितलं, ते तू पहिल्या बाकावरून ऐकलंसच. (तू खोकलीस, तेही मी ऐकलं.) तर सेवेचा वृत्तांत असा. इथे चर्चच्या तळघरात रोज दुपारी फुकट जेवण वाढतात. आल्या आल्या जेवणाआधीच्या प्रार्थनेचा मान मला मिळाला. माझी प्रार्थना तुला माहीत आहे. मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागितली आणि मग आपल्या मंडळीतल्या आजाऱ्यांवर आलो. सगळं मराठीत, कारण इंग्रजीत माझा प्रभूशी तेवढा घरोबा नाही. मी श्वास घ्यायला थांबलो की लोक आशेनं आमेन म्हणायचे. मला वाटलं, काय भक्ती आहे लोकांची. डोळे उघडले तेव्हा जेवणं उरकून टेबलं पुसणं चाललं होतं. स्वयंपाकीणबाईनं माझ्यापुढे कांद्यांची टोपली सरकवली.

तेव्हापासून मी कांदे सोलतो. पाळकसाहेबांना पाठवलेला डोळे पुसतानाचा फोटो कांदे सोलतानाचाच. "गरिबी पाहून भाऊ गहिवरले" असं खाली लिहून त्यांनी तो आपल्या चर्चच्या फलकावर लावलाय म्हणे. असू दे.

इथे कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारेबाबा येऊन बसतात. बायको गेल्यापासून त्यांनी अन्न टाकल्यातच जमा आहे. मनगटं पार काटकुळी झालीत. असंच चाललं तर हे फार दिवस काढणार नाहीत, असं बाई म्हणाली (तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमतं). गोड बोलून झालं, रागावून झालं, ताट जसंच्या तसं. शेवटी तिनं मला कांद्यांवरून उठवलं. सगळे उपाय थकले की माझा नंबर लागतो, आपल्या घरातही तेच. मला येतं काय, तर एकच. बाबांचा हात धरला, डोळे मिटले आणि उत्पत्तीपासून सुरू केलं. राज्यकर्त्यांपर्यंत आलो असेन, तोच चमचा वाजला. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर बाबा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत घास घेत होते. ताट संपल्यावरच हा माणूस गप्प बसेल, असं त्यांनी गृहीत धरलं असावं. ताट संपलं आणि मीही घाईनं आमेन म्हणून टाकलं.

झालं, माझी नेमणूक पक्की. रोज ताट संपेपर्यंत प्रार्थना. आजारी माणसं केव्हाच संपली, मग धडधाकट नातेवाईक घेतले, धाकट्या आत्याच्या जावयाची नोकरी घेतली, शेजारणीची शेळी घेतली. तुझा गुडघा तर रोजचाच. बाबांच्या गालांवर जरा मांस आलंय. पण माझ्या सेवेचं फळ लोकांच्या कंटाळ्यातून पिकतं, हे मंडळीत सांगत बसू नकोस.

तुझा,
कांदेवाला

ता. क. तो फोटो तेवढा फलकावरून काढायला सांग.

आणखी ता. क. ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. काल ताट संपलं, मी आमेन म्हणून उठायला लागलो, तर बाबांनी हात सोडला नाही. रिकाम्या ताटासमोर डोळे मिटून बसून राहिले, मी पुढे बोलावं म्हणून. शेळीपर्यंत सगळ्यांसाठी मागून झालं होतं, पण त्यांच्यासाठी मी अजून काहीच मागितलं नव्हतं. आणि काकू, जन्मात पहिल्यांदा मला शब्द सुचेना. फार वाईट वाटलं. नुसताच हात धरून बसलो. काका गेले त्यानंतर तू चुलीपाशी उभ्या उभ्या दोन ओळींची प्रार्थना करायचीस आणि मग पानावर बसायचीस. तेवढी लिहून पाठव, लवकर. त्यात गुडघा घालू नकोस, तो माझ्याकडे आहे.