दोन प्रोसेसरच्या तुलनेतून मला रिलीव्ह करण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक साहेब,
वैनगंगा सेवानिवृत्त कामगार सहकारी पतसंस्था,
भिलाई (छत्तीसगड)

विषय: माझ्या घरी चालू असलेल्या दोन चाचणी सर्व्हरचा चार्ज घेण्यासाठी रिलिव्हर नेमण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे पत्र, "पुढील आदेशापर्यंत यथास्थिती ठेवावी." २) त्यानंतरचे पत्र, "तुलनात्मक अहवाल सादर झाल्यावर विचार करण्यात येईल."

महोदय,

आपण नवीन आलात आणि भंडाऱ्याकडचे आहात असे समजले, म्हणून मराठीत आणि सुरुवातीपासून लिहितो.

१. संस्थेचा जुना संगणक बंद पडला तेव्हा नवा सर्व्हर घेण्याचे ठरले. दोन वितरकांची यंत्रे आली. दोन्हींतले प्रोसेसर वेगळे. कोणता घ्यावा हे वापरून पाहून ठरवायला भय्याजी, अरुणकुमार आणि मी अशी तिघांची समिती झाली. संस्थेच्या भाड्याच्या खोलीतली वायरिंग एवढा भार घेत नव्हती. माझी समोरची खोली मोठी आणि मी रिकामा, म्हणून यंत्रे माझ्या घरी ठेवली. वितरकांनी एसी लावून दिला.

२. यंत्रे ताब्यात घेताना माझी सही मागितली. मी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, नोकरी केली. तिथे शिफ्ट संपली तरी रिलिव्हर येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नसते. त्या सवयीने मी सहीच्या वर आपल्या हाताने लिहिले, "रिलिव्हर येईपर्यंत चार्ज माझ्याकडे राहील." हे लिहायला मला कोणी सांगितले नव्हते. अक्षरे मला पन्नाशीनंतर शीलाताईंच्या प्रौढ वर्गात आली, त्यामुळे नुसत्या सहीवर माझे समाधान होत नाही. भय्याजी हसले, "हिरालालभाऊ, हे काय भट्टी आहे का?" आता मी सुटका मागितली की आपले कार्यालय तेच वाक्य मला फोनवर वाचून दाखवते. तिथले बाबू म्हणाले, "काका, आमी थोडीच लिहाले लावलं होतं?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

३. तुलनेबाबत मला जे समजले ते असे. प्रोसेसर म्हणजे यंत्रात हिशेब करणारा भाग, आणि कोअर म्हणजे त्याच्या आतले एकाच वेळी काम करणारे हात, असे दोन्ही वितरकांकडे नोकरीला असलेल्या इंजिनियर पोरांनी मला समजावले. पहिल्या यंत्रात चौसष्ट कोअर आहेत. दुसऱ्यात सोळा, पण एकेक जास्त चपळ. एका सभासदाचे खाते उघडून पासबुक छापायचे असेल तर दुसरे पुढे. सगळ्या सभासदांचे व्याज एकदम लावायचे असेल तर पहिले फार पुढे. परंतु व्याज रोज लागत नाही. एरवी पहिल्याचे बहुतेक कोअर बसून असतात आणि वीज खातात. त्याची किंमत दुपटीच्या जवळ आहे. शिवाय हिशेबाचे सॉफ्टवेअर देणारी कंपनी कोअर मोजून परवान्याचे पैसे घेते, म्हणजे बसलेल्यांचाही पगार आपणच द्यायचा. यावरून ताकदीला पहिले मोठे, पण आपल्या संस्थेला दुसरे परवडते, असे माझे मत आहे. खासगीत दोन्ही इंजिनियर हेच म्हणतात. लिहून कोणी देत नाही, कारण दोघांनाही आपली नोकरी टिकवायची आहे.

४. पहिल्या वितरकाचा इंजिनियर धनंजय याने हरकत घेतली, "काका, पाच वर्षांनी मेंबर वाढतीन, तवा काय कराल?" मी म्हटले, "बापू, ही रिटायर लोकांची संस्था आहे. इथं पाच वर्षांनी मेंबर वाढत नसतात." तो खाली पाहून हसला, पण हरकत लिहून दिलीच. मग खोटे सभासद भरून चाचणी पुन्हा झाली आणि पहिले यंत्र जिंकले. तेव्हा दुसऱ्या वितरकाचा पीयूष म्हणाला, "एवढे मेंबर आणनार कुठून जी? भिलाई-तीन अन् अहिवारा, दोन्ही गावं मिळून नाही व्हायचे." त्याचीही हरकत आली. प्रत्येक हरकतीनंतर चाचणी पहिल्यापासून सुरू होते. यंत्रे चालू आहेत तोवर हरकती येत राहतात, हरकती आहेत तोवर अहवाल होत नाही, आणि अहवालाशिवाय यंत्रे बंद करता येत नाहीत. मी माझ्या एका सहीने अहवाल पाठवला होता, तो तीन सह्या हव्यात म्हणून परत आला. भय्याजी मुलाकडे पुण्याला गेले आणि पत्राला उत्तर देत नाहीत. अरुणकुमार वारले.

५. कुलूप लावून निघून जा, असे लोक सांगतात. जुना संगणक बंद असल्यामुळे सभासदांची खरी खाती आता याच यंत्रांवर आहेत. लाइट गेली की यंत्रे बॅटरीवर चालत राहतात, पण लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावे लागते. मे महिन्यात ते कोणी दाबले नाही तर खोली तापून यंत्रे बंद पडतात. असे एकदा मी आंघोळीला गेलो असताना होता होता राहिले. ज्यांचे औषधपाणी त्या खात्यांतून चालते त्यांना मी काय सांगू? बाजारहाट शेजारी हेमराज करून देतात.

६. माझी पत्नी सौ. सिंधुताई हिला फाल्गुनात लकवा झाला. यंत्रांच्या पंख्यांचा आवाज आणि एसीचा गारठा तिला सोसेना. डॉक्टरांनी शांत जागी ठेवण्यास सांगितले, म्हणून मुलगी वंदना तिला अहिवाऱ्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिची जीभ जड झाली आहे. तिचे बोलणे फक्त मला समजते, अर्धे तिच्या तोंडाकडे पाहून आणि अर्धे सोबत राहिल्याच्या सवयीने. वंदनाला पाणी की उशी एवढेही कळत नाही. मग सिंधुताई रडते आणि ताट सरकवून देते. वंदना फोन तिच्या तोंडाशी धरते, पण पंख्यांच्या आवाजात मला ऐकू येत नाही. फाटकापर्यंत गेलो तर आवाज येतो, चेहरा दिसत नाही. चेहरा दिसणारा फोन लावला तर चित्र थांबून थांबून येते आणि शब्द पुढे निघून जातात. आता मलाही तिचे समजेनासे झाले आहे, हे मी वंदनाला सांगितलेले नाही. काल वंदना म्हणाली, "बाबा, आई दोन दिवसांची जेवून नाही राहिली. तुमी या ना. मशीन कोनी चोरून नाही नेत."

७. म्हणून विनंती की, निर्णय केव्हाही घ्यावा, प्रोसेसर कोणताही घ्यावा, पण माझ्या जागी रिलिव्हर द्यावा. त्याला संगणक येण्याची गरज नाही. मलाही येत नाही. एसीचे बटण दाबता आले आणि तो उठून गेला नाही, एवढे पुरे. दिवसाचा मिळाला तरी चालेल. मी संध्याकाळी अहिवाऱ्याहून परत येईन.

८. रविवारपर्यंत कोणी न आल्यास वंदना आईला इकडे घेऊन येणार आहे. डॉक्टरांनी याला मनाई केली आहे, तरी ती अन्नावाचून राहण्यापेक्षा बरे असे आम्ही ठरवले. आतली खोली पत्र्याची आहे, उन्हात तिथे तिला ठेवता येत नाही. खाट मावेल अशी जागा दोन यंत्रांच्या मध्येच आहे. खाट टाकताना यंत्रांना, वायरींना किंवा वितरकांनी लावलेल्या सीलला हात लागणार नाही. तिच्यासाठी एसी कमी करता येत नाही, म्हणून ब्लँकेटे काढून ठेवली आहेत. यथास्थितीत एवढाच बदल होईल. तो आधी कळवतो, म्हणजे नंतर कार्यालयाची हरकत येऊ नये आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये.

आपला नम्र, जागेवर हजर,

(सही)
हिरालाल कवडूजी हटवार
सभासद व तांत्रिक समिती सदस्य
वैशाली नगर, भिलाई
दि. १९ मे २०२५

सोबत: चार्ज घेतल्याच्या कागदाची झेरॉक्स, एका सहीचा तुलनात्मक अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी.

टीप: हा अर्ज हेमराज घेऊन येत आहेत. पोच त्यांच्याजवळच द्यावी. रिलिव्हरचे नाव ठरले असल्यास तेही त्यांना तोंडीच सांगावे, लेखी पत्राची वाट मी पाहणार नाही.