अक्काच्या दंडावरचा नाडा

१२ फेब्रु. ८९, रवि.
पारोळ्याजवळच्या गावी, अक्काकडे. सकाळी चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढताना तिच्या डाव्या करंगळीला कोळी चावला. काळा, केसाळ. भाचा सुभाष गाडी शोधायला धावला. मी माझ्या लेंग्याचा नाडा तिच्या दंडावर आवळला आणि तिला मारुतीच्या पारावर नेलं. विष भिनलेल्याला झोपू द्यायचं नाही, बांधलेलं सोडायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. जागी राहावी म्हणून शाळेतल्या कविता काढल्या. अक्का शाळेत गेलीच नाही. मी गोठ्यात घोकायचो, ती शेण काढता काढता पाठ करायची. एक कडवं मी, एक ती. साठ वर्षं कुठल्या कुठं...
खोटं का लिहू, फार बरं वाटत होतं.
जीप दुपारी मिळाली.

१३, सोम. जळगाव.
नाडा काल दवाखान्यात कात्रीनं कापावा लागला. कातडीत रुतला होता. हात निळा-काळा. डॉ. तरुण आहेत. मला व्हरांड्यात नेऊन विचारलं, किती वेळ बांधलं होतं? म्हटलं, पाच तास.
"आजोबा, कोळ्यानं बहुतेक नुसती सूज आणली असती. आणि जहरी असता तरी असं आवळून विष थांबत नाही. हात तुम्ही कोंडलात."
घरी कोणाला बोललो नाही.

१५, बुध.
अक्का आमच्याकडे, पिंप्राळ्यात. शेजारच्या बाया बघायला आल्या. त्यांना सांगत होती, "हाऊ मना नाना नही ऱ्हाता ते मी मरी जातू." मी चहाचं निमित्त करून आत गेलो.
दोन बोटांना स्पर्श कळत नाही.

१९, रवि.
आठवलं. तिसऱ्या कवितेच्या मध्येच म्हणाली होती, "नाना, हात दुखी राहिना रे. सोड ना जरासा." मी म्हटलं, ते विषच आहे, पुढचं कडवं म्हण.
तिनं म्हटलं. न चुकता.

२३, गुरु.
करंगळीचं टोक काळं. ठेवायची की काढायची, डॉ. सोमवारी ठरवणार. सुभाष आला होता. पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून दिला म्हणे, कोळ्यासकट.

२६, रवि.
आज सांगितलं. अक्का ओट्यावर उजव्या हातानं गहू निवडत होती. डॉ.चं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. निवडत राहिली. म्हणाली, "माले तधयच समजनं. नाडा कापा, तधय."
नाडा कापला तेव्हाच कळलं, तर मग बायांना तसं का सांगत होतीस?
"त्यास्ले काय सांगू?"
सूप बाजूला ठेवून दोन्ही हात पुढे केले. गार कोणता ते बघ म्हणाली. डावा. तसं सांगितलं. मग म्हणाली, करंगळी दाब. दाबली. समजतं का, मी विचारलं. बोटाकडे न बघता माझ्याकडेच बघत होती.
"आखो दाब."
पुन्हा दाबली. दाबत राहिलो.
उद्या नऊला दवाखाना.